दगडावरच्या आसरा

पहिलं पुस्तक मी लेकीला अक्षरं शिकवायला म्हणून केलं. ते छापायचं माझ्या मनातही नव्हतं. निजामाचं राज्य होतं आणि शाळेत सगळं उर्दूतून चाले. मराठी होती ती घरात, बाजारात आणि देवळात. माझं माहेर उमरग्याकडचं, तिथं आम्ही घरात कानडी बोलायचो. थोरल्या भावानं धूळपाटीवर मराठी गिरवून घेतली होती, तेवढीच माझी शाळा. लग्न होऊन धाराशिवला आले. यांचं पेठेत कापडाचं दुकान होतं. सासू-सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. घरात आम्ही दोघं आणि पुढं आमची एक लेक.

लेकीला नुसतं ‘क’ आणि ‘ख’ दाखवलं की ती उठून पळायची. गोष्ट सांगितली की बसायची. म्हणून मी गोष्टच लिहून काढली, साती आसरांची. विहिरीत, डोहात राहणाऱ्या या सात बहिणी. आमच्याकडं प्रत्येक विहिरीच्या काठाला शेंदूर लावलेले सात दगड असतात, ते त्यांचेच. त्यांना सगळे भितात, पण त्या दिसतात कशा हे विचारलं तर कुणी धड सांगत नव्हतं. मी मनानं काढल्या. एक केस विंचरतेय, एक मासोळीशी बोलतेय, आणि सगळ्यात धाकटी रुसून पाण्यात पाय सोडून बसलीय. खाली मोठ्या अक्षरांत दोन-दोन ओळी. पानं शिवली आणि लेकीच्या हातात दिली. ती ते पुस्तक घेऊन सगळीकडं हिंडायची. एकदा दुकानात घेऊन गेली आणि गादीवर विसरून आली.

त्या दिवशी दुकानात मुन्शीजी आले होते. सगळा गाव त्यांना मुन्शीजीच म्हणे. त्यांच्या घरात दगडाचा छापखाना होता. कचेरीचे कागद, लग्नाच्या पत्रिका, दुकानांच्या जाहिराती तेच लिहीत आणि तेच छापत. उर्दू तर लिहीतच, पण बालबोधही इतकं वळणदार लिहीत की पत्रिका वाचून झाल्यावरही लोक ती जपून ठेवायचे. सणाच्या मालाची जाहिरात घेऊन ते आले आणि गादीवरचं पुस्तक उचलून चाळायला लागले. रुसलेल्या आसरेच्या पानावर थांबले आणि हसले.

“किनने लिखे ये?”

“घरात लिहिलंय,” हे म्हणाले. बायकोनं लिहिलं असं चारचौघांत म्हणायची तेव्हा रीत नव्हती.

“छापना इसको,” मुन्शीजी म्हणाले.

हे घरी येऊन मला म्हणाले, तेव्हा मला आधी थट्टाच वाटली. पण यांना ती गोष्ट आवडली होती. यांचा स्वभाव अबोल. आवडलं असं तोंडानं म्हणायचे नाहीत, पण दुसऱ्याच दिवशी परवानगीसाठी कचेरीत जाऊन आले.

एक अडचण निघाली. मुन्शीजी अक्षरं लिहीत, पण माणसाचं, जनावराचं चित्र काढत नसत. “जानदार की सूरत मैं नइं खींचता,” ते म्हणाले. “लिखता मैं. सूरतां बाई खींचेंगे.” म्हणजे आसरा मलाच काढाव्या लागणार होत्या, आणि त्याही त्यांच्या छापखान्यात बसून. छापखाना त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत होता आणि ती खोली बायकांच्या अंगणाकडं उघडायची. तिथं परक्या पुरुषाचं येणं नव्हतं. मुन्शीजी स्वतः मी असेपर्यंत पुढच्या ओसरीवर बसत. म्हणून यांनी हो म्हटलं.

आत त्यांची बायको होती. तिला मी आपा म्हणू लागले. ती माझ्या आईच्या वयाची. दंड चांगले भरलेले, कारण छापखान्याचं चाक तीच फिरवायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. तिनं मला एक पिवळट, खळ लावलेला कागद दिला आणि एक तेलकट शाई. “इसपे खींच. हलके हाथ से.” मी बोरू कागदाला टेकवला आणि परत उचलला. आपा चुलीकडं पाठ करून बसली आणि म्हणाली, “कायकू डरती? लकीर चुकी तो चुकी. आसरा क्या देखने को आती?”

त्या कागदावर काढलेलं चित्र ओल्या दगडावर पालथं घालून दाबलं की दगडावर उमटायचं. मग दगडाला पाणी पाजायचं आणि वरून शाईचा रूळ फिरवायचा. पाण्याच्या जागी शाई धरत नाही, रेघेवर तेवढी धरते. वर कोरा कागद ठेवून चाक फिरवलं की पान तयार. पहिलं पान निघालं तेव्हा मी ते दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. माझीच आसरा, पण मी काढल्यासारखी वाटत नव्हती. खाली मुन्शीजींच्या अक्षरात माझ्या ओळी होत्या.

पानं छापून झाली की आपा दगडावर वाळू आणि पाणी टाकून वरून दुसरा दगड घासायची. चित्र पुसून दगड पुन्हा कोरा. नाहीतर पुढचं काम कशावर करणार? पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आपा घासता घासता म्हणाली, “रो नक्को. कागज पे गई ना वो.”

पुस्तकं दुकानात ठेवली. लुगडी घ्यायला आलेल्या बायका ती हातात घ्यायच्या आणि एकमेकींना दाखवायच्या. वाचता कुणालाच येत नव्हतं, पण चित्रांवर भांडायच्या.

“आमच्या हिरीतल्या आसरा अशा न्हाईत बया. त्यास्नी नथ हाय.”

“तू कवा बघितलीस?”

“माझ्या आत्यानं बघितल्या.”

पुस्तकं खपायला लागली. मला वाटलं, घराघरांत पोरं वाचत असतील. मग येडशीकडच्या एका खेड्यातली बाई दुकानात आली आणि आणखी एक पुस्तक मागू लागली. यांनी विचारलं, पहिलं काय झालं? ती म्हणाली, “ते हिरीवर ठिवलं. हळदकुकू वाह्यलं, दहीभात ठिवला. सुनंचं मूल जगत न्हवतं. आता धाकलीसाठी ठिवायचं हाय.”

चौकशी केली तर कळलं की बहुतेक सगळी पुस्तकं अशीच गेली होती. विहिरीच्या काठावर, सात दगडांजवळ, कुंकवानं माखलेली, पावसानं भिजलेली. मी आपाला सांगितलं. तिनं ओसरीवर ओरडून मुन्शीजींना सांगितलं. तिकडून त्यांचं हसणं ऐकू आलं. “तुमारी किताब पढते नइं लोगां, पूजते.” मीही हसले, पण मन खट्टू झालं. एका पोरानं तरी त्यातलं एक अक्षर ओळखावं एवढंच मला हवं होतं.

दुसरं पुस्तक केलं ते किल्ल्यांच्या दारांवरच्या जनावरांचं. नळदुर्ग, परांड्याकडं दगडात कोरलेला शरभ असतो, अंगानं वाघासारखा, आणि आपल्या पंजाखाली हत्तींना दाबून धरलेला. आणि दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी. त्याची गोष्ट माझे वडील कानडीत सांगायचे, ती मी मराठीत लिहिली. हे पुस्तक विहिरीवर गेलं नाही. ते दुकानातच पडून राहिलं. पण माझी लेक त्यावरून जोडाक्षरं वाचायला शिकली. गंडभेरुंड हा शब्द ती दिवसभर मोठ्यानं म्हणत असे.

तिसरं चकव्याचं. रानातून चाललेल्या माणसाला चकवा लागतो, मग तो त्याच त्या शेताभोवती फिरत राहतो, घर समोर असून सापडत नाही. चकवा लागलेले आमच्याकडं पुष्कळ, पण तो कसा दिसतो हे कुणाला ठाऊक नाही, कारण त्याला रूपच नाही. मी कितीतरी कागद वाया घालवले. कधी झाड काढलं, कधी सावली. आपानं ओसरीवर निरोप दिला की बाईंना चित्र जमत नाही. मुन्शीजींनी विचारलं, सूरत कशी असते त्याची? आपा म्हणाली, सूरतच नाही.

“फिर तो मैं खींच सकता,” ते म्हणाले.

आणि त्यांनी खरंच काढलं. आयुष्यात चित्र म्हणून काढलेलं त्यांचं तेवढंच. एकच रेघ, बोरूनं ओढलेली. ती पानाच्या एका कोपऱ्यातून निघते, जाड होते, बारीक होते, वळते, आणि आपल्याच अंगावर येऊन पुन्हा सुरू होते. नजर एकदा आत गेली की बाहेर यायला वाट सापडत नाही. मी पडद्याआडून म्हटलं, “मुन्शीजी, चकवा हाच.” आपा नंतर म्हणाली की ते आज गालांत हसत होते.

ते पान दगडावर चढलं तेव्हा गावात निजामासाठी हत्यारं घेतलेल्या रझाकारांचा जोर वाढला होता. इंग्रज गेले होते, शेजारी बार्शीला तिरंगा लागला होता, आणि इकडं आम्ही निजामाच्याच राज्यात. रोज काहीतरी ऐकू येई. कुठल्या गावात लूट झाली, कुठं पोरं पकडून नेली. दुकान दुपारीच बंद व्हायला लागलं. एके दिवशी मी छापखान्यात गेले तर आपा मला दारातच म्हणाली, “आज नक्को बेटी.” आत दुसराच दगड चढवलेला होता. रझाकारांची पत्रकं छापली जात होती.

दोन दिवसांनी मी तिला विचारलं, “आपा, नाही म्हणता आलं नसतं का?”

“नइं कैसा बोलते? चार जने बंदूकां लेको बैठे ओसरीपे. लिखे बगैर उठेच नइं.”

पत्रकं गावभर चिकटली. खाली नाव नव्हतं, पण नावाची गरजच नव्हती. ज्यांच्या घरी मुन्शीजींनी लिहिलेली लग्नपत्रिका होती, त्या सगळ्यांना ते अक्षर ओळखता आलं. आमच्या दुकानात रोज बसायला येणारी मंडळी होती, पेठेतलीच, चांगल्या घरची. त्यांच्यातला एक जण पत्रकाचा तुकडा हातात घेऊन म्हणाला, “बघा मुन्शीचं अक्षर. कसं शोभतंय.” हे मला यांनीच संध्याकाळी सांगितलं.

मग आम्ही निघालो. बार्शीला यांचे चुलते होते. जाण्याआधी मी आपाकडं गेले. म्हटलं, “तुम्हीही कुठं तरी जा. तुमचा भाऊ आहे गुलबर्ग्याला.” या वेळी मुन्शीजीच ओसरीवरून बोलले.

“और पत्थरां कौन उठाएगा? ये सब यइंच रहते, मैं भी यइंच.”

आपानं लेकीच्या तोंडावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. चकव्याचं पान दगडावर होतं, त्यावर तिनं ओला कपडा टाकून ठेवला होता. मी परत आल्यावर छापू म्हणाली.

येडशीपर्यंत बैलगाडीनं आणि तिथून छोट्या रुळांच्या आगगाडीनं आम्ही बार्शीला पोचलो. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. सगळे असेच निघालेले. बार्शीतले ते महिने मला नीट आठवत नाहीत. एका खोलीत तीन बिऱ्हाडं, पाण्याला रांग, आणि पुरुष दिवसभर बातम्यांच्या मागं. मग एक दिवस हिंदुस्थानची फौज शिरली, चार-पाच दिवसांत निजामानं हात टेकले. लोकांनी पेढे वाटले. आम्हीही खाल्ले. सगळं संपलं असं वाटून मी मनात तिसऱ्या पुस्तकाची पानं लावू लागले.

आम्ही धाराशिवला परतलो तेव्हा दुकानाचं कुलूप जसंच्या तसं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुन्शीजींच्या घरी गेले. दार नव्हतं. दाराची चौकटसुद्धा उखडून नेलेली. अंगणात कागद चिखलात रुतले होते. छापखान्याचं लोखंडी चाक तेवढं जागेवर होतं, ते कुणाला उचललं नसावं. दगड एकही राहिला नव्हता. शेजारची बाई बाहेर आली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, “म्हातारी दर्ग्यात हाय.”

दर्ग्याच्या ओवरीत बायका आणि लेकरं दाटीनं बसली होती. पुरुष फार थोडे, तेही म्हातारे. आपा एका खांबाला टेकून होती. मला बघून तिनं बसायला जागा केली, जशी घरी करायची तशीच.  तिनंच सांगितलं.

“फौज आए बाद बुलाने को आए. बोले मुन्शीजी, पोट्टी की शादी हय, पत्रिका लिखना. भर दोपहर को. मैं बोली, नक्को जाओ. इनो बोले, पहचान के लोगां हय. हाथ धोए, कलमदान लिए, गए.”

“मग?”

“मग कुछ नइं. मय्यत भी नइं मिली.”

 मग मी विचारलं, “कोण होते आपा?”

ती माझ्याकडं बघत राहिली. सांगावं की न सांगावं असं तिच्या मनात चाललं असावं. शेवटी म्हणाली, “तुमारी दुकान पे बैठते सो लोगां.”

घरी आल्यावर मी यांना सांगितलं. हे हातातलं पाणी तसंच धरून बसले. मला वाटलं, आता उठतील, कचेरीत जातील. आता तर आपलं राज्य आलं होतं, फौजेचे अधिकारी गावात होते.

“तुम्ही सांगा ना कुणाला तरी,” मी म्हटलं.

“काय सांगू?”

“आपा सांगतेय ते.”

“कोण ऐकंल? अन् ऐकलं तर म्या हितं ऱ्हाऊ कसा? दुकान हितं हाय, लेकीचं लगीन करायचंय.” थोड्या वेळानं म्हणाले, “त्यानं बी छापायला नकु हुतं.”

त्यांच्या तोंडून हे ऐकून मी आत गेले. ते वाईट माणूस नव्हते. पहिल्या पुस्तकाच्या परवानगीसाठी कचेरीत गेलेले तेच होते. दुसऱ्या दिवशी नेहमीची मंडळी दुकानात आली. घराच्या दारातून गादी दिसायची. त्यातल्या एकाला खरंच लेकीच्या लग्नाचं कापड घ्यायचं होतं. यांनी तागे काढले, उलगडून दाखवले, गजानं मोजून दिले. चहा मागवला. मी तो केला.

आपाचा भाऊ तिला न्यायला गुलबर्ग्याहून आला. तिच्या अंगावर होतं तेवढंच लुगडं उरलेलं. मी दुकानातून दोन नवी लुगडी घेऊन दर्ग्यात गेले. तिनं ती हातात घेतली, काठ बघितले, चांगले आहेत म्हणाली, आणि माझ्या मांडीवर परत ठेवली. “तुमारी दुकान का कपडा नक्को बेटी,” म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला तिथं बसून रडता आलं असतं. ती गेल्यावर तिचा पत्ता कधी लागला नाही.

दगडांचं कळलं ते महिन्याभरानं. पेठेतल्या एका घरी मी हळदीकुंकवाला गेले होते. हात धुवायला परसात गेले तर धुण्याच्या जागी तो गुळगुळीत, राखी रंगाचा दगड. वाकून बघितलं. साबणाच्या फेसाखाली एक वळलेली रेघ दिसत होती. आपानं ओला कपडा टाकून ठेवलेला चकव्याचा दगड तो हाच. कडेची रेघ झिजून गेली होती, मधली थोडी शिल्लक होती.

“हा दगड मला देता का?” मी घरच्या बाईला विचारलं.

“तुमाला कशाला? लई ग्वाड दगड हाय, धुणं कसं सरकतंय बघा त्याच्यावर.”

तो कुठून आणला हे मी विचारलं नाही.  तिनं माझी ओटी भरली आणि मी घरी आले.

त्यानंतर शाळेत मराठी आली. लेक शाळेत जायला लागली. एका वर्षी हे सोलापूरला माल आणायला निघाले तेव्हा मीही सोबत गेले आणि दोन्ही पुस्तकांची एकेक प्रत तिथल्या एका छापखानेवाल्याला दाखवली. सभ्य माणूस होता. त्यानं पानं काळजीपूर्वक उलटली, अक्षर कुणाचं म्हणून विचारलं. मी म्हटलं, वारले ते. तो म्हणाला, “बाई, आता शाळांना देशभक्तांची चरित्रं पाहिजेत. हे भुताखेतांचं नव्या राज्यात कोण घेणार? आणि दगडावरची छपाई आता संपली.” तो बोलला त्यात चुकीचं काही नव्हतं. लेकही तेच म्हणू लागली होती. आसरा-बिसरा काही नसतं, गुरुजींनी सांगितलं, म्हणायची. मी तिला शिकवावं म्हणून जे लिहिलं होतं, त्यातूनच ती वाचायला शिकून शहाणी झाली होती. 

घरात साध्या कागदावर मी काही दिवस बसून बघितलं. वेताळ काढायला घेतला, झोटिंग काढायला घेतला. रूप येईना. आलं की चेहरा ओळखीचा निघायचा, गादीवर बसून चहा पिणारा. पान फाडून चुलीत घालत गेले. मग बसणंच सोडलं. घरात कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

खूप वर्षांनी त्या मंडळींतला एक जण म्हातारा होऊन गेला. लेकीच्या लग्नाचं कापड ज्यानं नेलं होतं, तोच. पेठेतल्या सगळ्या बायका त्याच्या घरी भेटायला चालल्या होत्या. न जाऊन चालणार नव्हतं. मी गेले. त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्याजवळ बसले, तिचा हात हातात घेतला. ती म्हणाली, “लई सोसलं हो त्यांनी शेवटी.” मी म्हटलं, “व्हय.” भिंतीवर त्यांच्या लेकीच्या लग्नाचा फोटो होता. मी बाकीच्या बायकांबरोबर उठले आणि घरी आले. आम्ही लिंगायत, आमच्यात सुतक पाळत नाहीत, तरी मी डोक्यावरून पाणी घेतलं. दुकानातून यायची यांची वेळ झाली होती. केस तसेच ओले बांधून भाकरीचं पीठ मळायला घेतलं.